विद्यापीठ, उद्योग आणि गाव यांची भागीदारी नागपुरात कशी सुरू करावी

जुलैमध्ये नवे सत्र सुरू झाले की महाविद्यालयातील एखाद्या तरुण सहायक प्राध्यापकाच्या हाती कार्यालयीन आदेश पडतो आणि त्या दिवसापासून तो उद्योग-समन्वयक किंवा विस्तारकार्याचा समन्वयक होतो. आदेशासोबत बहुधा एक जुनी नस्तीही मिळते. तिच्यात आठ-दहा सामंजस्य करार असतात, पुष्पगुच्छ देतानाची छायाचित्रे असतात, वर्तमानपत्रातील कात्रणे असतात. करारानंतर नेमके काय झाले याचा मात्र एकही कागद नसतो. मलाही अशीच नस्ती मिळाली होती. हा लेख अशा नव्या समन्वयकासाठी आहे. हिंगण्यातील लघुउद्योजक किंवा काटोलकडील शेतकरी गटाचा अध्यक्ष यांना विद्यापीठाचे दार कोणत्या बाजूने उघडते हे ठाऊक नसते. त्यांनाही तो उपयोगी पडावा.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, आधी एक लहान काम पूर्ण करावे, ते काम समोरच्याच्या अडचणीतून निघालेले असावे आणि कराराचा कागद त्यानंतर काढावा. मूल्यांकनाच्या तक्त्यात करारांची संख्या भरायची असल्यामुळे आपल्याकडे हा क्रम उलटा झाला आहे आणि त्याचा भुर्दंड नव्या समन्वयकाला भरावा लागतो.

विद्यापीठाने परिसराच्या उद्योगाला उपयोगी पडावे ही कल्पना नागपूरला नवी नाही. नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ मध्ये झाली आणि रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राद्वारे ठेवलेल्या देणगीतून १९४२ मध्ये येथे लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. उपयोजित रसायनशास्त्र आणि तंत्रज्ञान शिकवण्यासाठी स्थापन झालेली ही संस्था २०२३ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झाली. ज्या प्रदेशात पैसा मिळवला त्याच प्रदेशातील तरुणांच्या शिक्षणासाठी तो ठेवण्याचा तो निर्णय आजच्या कोणत्याही योजनेपेक्षा जुना आहे.

पहिली पायरी: आपला प्रदेश आणि आपला विभाग ओळखणे

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे येतात. चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाकडे गेले. या चार जिल्ह्यांचे अर्थकारण एकजिनसी नाही. काटोल-नरखेड पट्ट्यात संत्रा आहे, वर्ध्याकडे कापूस आणि सोयाबीन आहे, भंडारा-गोंदियात धान, भातगिरण्या आणि कोशाचे (टसर रेशमाचे) कापड आहे, भिवापूरला मिरची आहे, कोराडी-खापरखेड्याला औष्णिक वीज केंद्रे आणि त्यांची राख आहे, तर बुटीबोरी, हिंगणा आणि कळमेश्वर येथे कारखाने आहेत. आपले महाविद्यालय यांपैकी कशाच्या जवळ आहे, हे नकाशा समोर ठेवून पाहावे. उमरेडच्या महाविद्यालयाने नागपूर विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पातील विमान-दुरुस्तीच्या मागे लागण्यात फारसा अर्थ नाही.

त्याचबरोबर शहरात आधीपासून कोण काय करते हेही माहीत करून घ्यावे. पर्यावरणासाठी नीरी, कापसासाठी केंद्रीय कापूस संशोधन संस्था, संत्रा-मोसंबीसाठी केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था, जमिनीच्या सर्वेक्षणासाठी राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था, जनावरे आणि मत्स्यव्यवसायासाठी महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, अभियांत्रिकीसाठी विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था, एवढे सगळे एका शहरात आहे. शेतकऱ्याने फळगळीचा प्रश्न विचारला तर वनस्पतिशास्त्राच्या विभागाने घाईने प्रकल्प लिहू नये; त्याला योग्य संस्थेच्या दारापर्यंत सोबत नेऊन सोडावे. त्या एका फेरीतून जो विश्वास तयार होतो तो चार परिसंवादांतून होत नाही.

स्वतःच्या विभागाची झडती मात्र निर्दयपणे घ्यावी. कोणती उपकरणे खरोखर चालू आहेत, त्यांचे अंशांकन (कॅलिब्रेशन) शेवटचे कधी झाले, ती चालवणारा प्रयोगशाळा सहायक निवृत्तीला किती दिवस राहिला आहे, हे लिहून काढावे. उद्योगाला चाचणीचा अहवाल ग्राहकापुढे किंवा शासकीय कार्यालयापुढे ठेवायचा असेल तर बहुधा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचाच अहवाल लागतो. आपली प्रयोगशाळा तशी नसेल तर ते पहिल्याच भेटीत सांगून टाकावे. अंतर्गत तुलनेसाठी, म्हणजे कालचा माल आणि आजचा माल यांत काय फरक पडला हे पाहण्यासाठी, साध्या प्रयोगशाळेचाही मोठा उपयोग होतो.

दुसरी पायरी: प्रश्न त्यांच्या तोंडून ऐकणे

ही पायरी सर्वांत अवघड असल्याने येथे थोडे थांबतो. काही वर्षांपूर्वी आमच्या विभागाने परस्पर ठरवले होते की, संत्रा उत्पादकांना सालीपासून तेल काढण्याचे तंत्र हवे आहे. आम्ही सादरीकरण तयार केले आणि नोव्हेंबरमध्ये चौदा विद्यार्थ्यांना घेऊन काटोल तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या शेडवर गेलो. अध्यक्षांनी चहा पाजला, सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि मग आम्हाला शेडच्या मागे नेले. तेथे बाया जमिनीवर बसून हाताने फळे निवडत होत्या. मोठे फळ एका बाजूला आणि चुरी, म्हणजे बारीक फळ, दुसऱ्या बाजूला. भरलेले क्रेट गाडीत चढत होते आणि गाडी उन्हात उभी होती. अध्यक्ष म्हणाले, "सर, तेलाचं पाहू मंग. ह्या गाडीत माल चढला तेव्हाचं वजन अन् तिकडे उतरला तेव्हाचं वजन जुळत नाही. किती घट सुकण्याची अन् किती काट्याची, हे सांगा बरं आधी."

आमच्या सादरीकरणात या प्रश्नाचा मागमूसही नव्हता. पुढील सहा आठवडे विद्यार्थ्यांनी वीस-वीस क्रेटना चिठ्ठ्या बांधून, एकाच काट्यावर, तोडणीनंतर, गाडी भरताना आणि गाडी उतरवताना वजन घेतले. सोबत वेळ, तापमान आणि गाडीवर ताडपत्री होती की नाही एवढेच टिपले. घटीचा मोठा भाग उन्हात उभ्या असलेल्या गाडीत होत होता. गाडी संध्याकाळी भरायची आणि तोवर क्रेट सावलीत ठेवायचे, एवढाच बदल कंपनीने केला. या कामाला नवे उपकरण लागले नाही आणि त्यातून शोधनिबंधही निघाला नाही; पण त्यानंतर आमचा दूरध्वनी कंपनीने कधी टाळला नाही. तेलाचा विषय दोन वर्षांनी त्यांनीच काढला.

म्हणून पहिल्या भेटीला सादरीकरण नेऊ नये, वही न्यावी. "आम्ही तुमच्यासाठी काय करू शकतो?" हा प्रश्न सभ्य असला तरी त्याला उत्तर मिळत नाही, कारण समोरच्याला आपली कुवत ठाऊक नसते. त्याऐवजी मागील महिन्यात कोणत्या दिवशी काम बंद पडले, कोणता माल परत आला, कोणते बिल पाहून राग आला, कोणते काम करायला माणूस मिळत नाही, असे विचारावे. कारखान्यात गेल्यावर मनुष्यबळ विभागाच्या खोलीत बैठक संपवून परत येऊ नये. तो विभाग विद्यार्थ्यांना प्रशिक्षणाची जागा देईल; खरी अडचण देखभाल विभागाच्या फोरमनला किंवा पाळी सांभाळणाऱ्या पर्यवेक्षकाला ठाऊक असते. लहान उद्योगांपर्यंत पोहोचण्यासाठी विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन, तसेच हिंगणा आणि बुटीबोरी येथील उद्योजकांच्या संघटना हा जवळचा मार्ग आहे. मोठ्या कंपनीचे नाव अहवालात शोभून दिसते. पण पंचवीस-तीस कामगारांच्या कारखान्याचा मालक स्वतः निर्णय घेतो आणि तो दुसऱ्या दिवशी अमलात आणतो, हा माझा अनुभव आहे.

गावाच्या बाबतीत पहिली भेट सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांची (पूर्वीच्या ग्रामसेवकांची) घ्यावी, हे सर्वजण सांगतात. त्यात मी एवढीच भर घालीन की, त्याच दिवशी आशा सेविका, अंगणवाडी सेविका आणि बचत गटाच्या एखाद्या ताईंशी स्वतंत्रपणे बोलावे. पाण्याचा प्रश्न सरपंचांच्या ओट्यावर एक असतो आणि नळाच्या रांगेत दुसरा असतो. २०१४ मध्ये सुरू झालेल्या उन्नत भारत अभियानात सहभागी संस्थेने किमान पाच गावे दत्तक घेऊन घरोघर सर्वेक्षण करावे अशी अपेक्षा आहे. सर्वेक्षण अवश्य करावे. परंतु प्रश्नावली भरून घेतल्यानंतर निष्कर्ष गावाला सांगितला नाही तर पुढच्या वर्षी दारे उघडत नाहीत, आणि त्यात गावाची चूक नसते. आकडे मराठीत, एका मोठ्या कागदावर, ग्रामसभेत वाचून दाखवावेत. "दत्तक" हा शब्द मला स्वतःला खटकतो, पण शासकीय कागदपत्रांत तोच असल्यामुळे तो वापरावा लागतो.

तिसरी पायरी: तीन दिनदर्शिका एकत्र ठेवणे

बहुतेक उपक्रम वाईट हेतूने फसत नाहीत, चुकीच्या महिन्यात सुरू झाल्यामुळे फसतात. विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षा ज्या काळात असतात, त्याच काळात संत्र्याच्या आंबिया बहराची तोडणी आणि कापसाची वेचणी सुरू असते. उन्हाळी परीक्षांच्या सुमारास मृग बहराचा माल निघून गेलेला असतो आणि गावात दुपारी बारानंतर कोणी भेटत नाही. कंपन्यांचे वर्ष ३१ मार्चला संपते. फेब्रुवारीत सामाजिक दायित्व निधी (सीएसआर) मागायला जाणारा समन्वयक एक तर रिकाम्या हाती परततो किंवा पंधरा दिवसांत पैसे खर्च करण्याच्या अटीत अडकतो. प्रस्ताव एप्रिल ते जुलै या काळात दिलेला बरा.

गावाची दिनदर्शिका ग्रामसभांभोवती फिरते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या सुमारास ग्रामसभा होतात आणि ग्रामपंचायत विकास आराखड्याचे काम २ ऑक्टोबरपासून पुढील काही महिन्यांत चालते. विद्यार्थ्यांनी केलेली पाण्याची तपासणी किंवा रस्त्याची मोजणी या आराखड्याच्या आधी हाती आली तर तिला निधीची तरतूद मिळू शकते. जानेवारीनंतर आली तर ती कपाटात जाते. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे विशेष शिबिर कोणत्या आठवड्यात घ्यायचे हेही याच हिशेबाने ठरवावे. दोन वर्षांत २४० तासांचे नियमित काम करणाऱ्या स्वयंसेवकांकडून रस्ताच झाडून घ्यायचा, तर त्या तासांचे चीज होत नाही.

चौथी पायरी: एका पानाचे काम

आता एक काम निवडावे. ते एका सत्रात संपणारे असावे, त्याचे उत्तर आकड्यात किंवा वस्तूत दाखवता यावे आणि ते चुकले तरी समोरच्याचे नुकसान होऊ नये. उदाहरण म्हणून कारखान्यातील दाबलेल्या हवेची गळती घेऊ. यंत्रे बंद असतील अशा दिवशी कॉम्प्रेसर सुरू ठेवायचा आणि तो किती वेळ भारावर (म्हणजे हवा दाबत) चालला, किती वेळ विनाभार (नुसताच) फिरला, हे घड्याळ लावून टिपायचे. कोणीही हवा वापरत नसताना कॉम्प्रेसर एकूण वेळाच्या जितका भाग भारावर चालला, त्याच्या क्षमतेचा तितका भाग गळतीत जातो. मग साबणाचे पाणी घेऊन एकेक सांधा तपासायचा. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना हे सहज जमते आणि त्याचे उत्तर मालकाला पुढच्या वीजबिलात दिसते.

या कामाचे टिपण एका पानात बसावे: प्रश्न काय, कोण काय देणार, विद्यार्थी किती आणि कोणत्या दिवशी येणार, सुरक्षिततेची जबाबदारी कोणाची, उत्तर कोणत्या तारखेला मिळणार. विद्यार्थ्यांच्या श्रमाला अभ्यासक्रमात स्थान मिळावे याची काळजीही येथेच घ्यावी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नंतर आलेल्या अभ्यासक्रमांत कार्यप्रशिक्षण, क्षेत्रीय प्रकल्प आणि समुदाय सहभाग यांना श्रेयांक (क्रेडिट) आहेत. एका श्रेयांकाला साधारण ३० तास धरले जातात, म्हणजे चार श्रेयांकांच्या कार्यप्रशिक्षणाला १२० तास लागतात. हे तास हजेरीपटावर सही करून घेण्यात जाऊ नयेत, यासाठी दर आठवड्याला विद्यार्थ्याकडून अर्ध्या पानाची नोंद लिहून घ्यावी आणि ती तपासावी. कारखान्यात पाठवण्यापूर्वी अपघात विमा, बूट आणि पालकांचे संमतिपत्र या तीन गोष्टींशिवाय एकाही विद्यार्थ्याला बसमध्ये चढू देऊ नये.

पाचवी पायरी: करार

पहिले काम पूर्ण झाले आणि दोन्ही बाजूंना दुसरे करावेसे वाटले, की करार करावा. विद्यापीठाच्या वतीने करारावर कुलसचिव स्वाक्षरी करतात. विभागप्रमुखाने परस्पर केलेली स्वाक्षरी विद्यापीठावर बंधनकारक ठरेलच असे नाही. संलग्न महाविद्यालयात प्राचार्य आणि संस्थेचे पदाधिकारी यांची संमती लागते. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात अशा दस्तांसाठी १०० रुपयांऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो, हे लहानसे वाटले तरी ऐन समारंभात लक्षात येते आणि धावपळ होते.

मसुद्यात उद्दिष्टांचे परिच्छेदांवर परिच्छेद घालण्यापेक्षा तीन-चार अवघड गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. मोजमापांची मालकी कोणाची, शोधनिबंध छापण्यापूर्वी कंपनीला किती दिवस वाचायला द्यायचा, नवे काही सापडले तर एकस्वाचा (पेटंटचा) अर्ज कोणाच्या नावे जाईल, आणि एका बाजूला बाहेर पडायचे असेल तर किती दिवसांची सूचना द्यायची. एकस्वाबाबत एक धोका नवख्यांना ठाऊक नसतो. अर्ज दाखल होण्यापूर्वी तो शोध एखाद्या परिषदेत मांडला किंवा छापला गेला तर त्याचे नावीन्य बहुधा संपते आणि २० वर्षांचे संरक्षण हातचे जाते. २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना एकस्वाच्या शुल्कात ८० टक्के सवलत आहे, त्यामुळे खर्चाचे कारण पुढे करून अर्ज लांबवू नये. गावातील पारंपरिक ज्ञान, उदाहरणार्थ वैदूंकडून मिळालेली वनस्पतींची माहिती, वापरायची असेल तर ती कोणाकडून मिळाली हे नोंदवून ठेवावे आणि प्रकाशनापूर्वी त्यांची परवानगी घ्यावी.

सहावी पायरी: पैसा

पैशाचे तीन प्रवाह वेगळे ठेवावेत, कारण प्रत्येकाचा हिशेब वेगळा असतो. कंपनीने सल्ल्यासाठी किंवा चाचणीसाठी दिलेले शुल्क हे सेवेचे मोल आहे. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो आणि संस्थेचा वाटा किती, शिक्षकाचा किती, हे संस्थेच्या नियमांनुसार ठरते. संशोधन अनुदान हा दुसरा प्रवाह. तिसरा प्रवाह सामाजिक दायित्व निधीचा असून त्याची चौकट कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ मध्ये आहे. ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी एका मर्यादेला पोहोचतो, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम अनुसूची सातमधील कामांवर खर्च करावी लागते आणि आपल्या कार्यस्थळाच्या परिसराला प्राधान्य द्यावे लागते. बुटीबोरीतील कंपनीकडे जाताना बुटीबोरीच्या पंचक्रोशीतील गावाचा प्रस्ताव न्यावा, याचे कारण येथे आहे. एखादी स्वयंसेवी संस्था किंवा महाविद्यालयाचा न्यास हा निधी घेऊन काम करणार असेल तर तिची सीएसआर-१ ही असा निधी घेणाऱ्या संस्थांसाठीची नोंदणी आधी झालेली असावी.

पैसे आल्यावर खरी कसोटी आपल्या लेखा विभागाशी असते. दरपत्रके मागवणे, टिप्पणी चढवणे, मंजुरी, देयक, यात तीन महिने सहज जातात आणि तेवढ्यात कंपनीचे वर्ष संपते. मी एकदा वीस हजार रुपयांच्या पाणीतपासणी संचासाठी पावसाळा पुरा गमावला. संच आला तेव्हा विहिरी स्वच्छ झाल्या होत्या. तेव्हापासून खरेदीची यादी प्रस्ताव पाठवतानाच लेखा विभागाला दाखवतो आणि उपयोगिता प्रमाणपत्राचा नमुना पहिल्या दिवशी नस्तीला जोडतो.

सातवी पायरी: त्यांना आत आणणे

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये नवोपक्रम, उबवण (इन्क्युबेशन) आणि उद्योजकता यांच्यासाठी, तसेच आजीवन अध्ययन आणि विस्तारकार्यासाठी मंडळांची तरतूद आहे. आपले काम या मंडळांना दर सत्रात कळवावे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये आणलेल्या प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस या योजनेत किमान १५ वर्षांचा अनुभव असलेल्या व्यावसायिकाला पदवीची औपचारिक अट न लावता ठरावीक काळासाठी नेमता येते. माझ्या मते या योजनेचा उपयोग निवृत्त महाव्यवस्थापकांपुरता ठेवू नये. साचे बनवणारा जुना कारागीर किंवा कोशाचे कापड विणणारा विणकर निकषात बसत असेल तर वर्गात त्याचे काही तास व्हायला हवेत.

समन्वयकाचा आदेश दर एक-दोन वर्षांनी बदलतो आणि त्याबरोबर बहुतेक संबंध तुटतात. म्हणून नस्तीच्या पहिल्या पानावर प्रत्येक भागीदारासाठी चार ओळी लिहून ठेवाव्यात: शेवटची भेट कधी झाली, कोणाशी बोलणे झाले, आपण काय देण्याचे कबूल केले आहे आणि ते कोणत्या तारखेला. पदभार सोपवताना नव्या समन्वयकाला एकदा प्रत्यक्ष सोबत न्यावे आणि त्याची ओळख अध्यक्षांशी करून द्यावीच, पण शेडमध्ये काट्यावर बसणाऱ्या माणसाशीही करून द्यावी.